दुखणे आणि दप्तर

मराठी कथा-कादंबऱ्यांत खाटेला खिळलेल्या माणसांची वाण नाही. खोकल्याची ढास लागलेला कवी आहे, तापात बरळताना नेमके नायकाचेच नाव घेणारी नायिका आहे, शेवटचे पाणी मागणारा म्हातारा आहे. औषधाच्या बाटलीवर चिकटवलेली मात्रांची पट्टी, उशाशी ठेवलेला मोसंब्याचा रस, दाराशी हलक्या आवाजात बोलणारे डॉक्टर हे सारे सामान आपल्या लेखकांनी इतक्या वेळा मांडले आहे, की वाचकाला ते आता पाठ झाले असावे. पण त्याच खाटेवरून सकाळी उठून, तोंड धुऊन, औषध घेऊन, दप्तर पाठीला लावून शाळेची वाट धरणारे पोर या वाङ्मयात कुठे आहे? जे मरतही नाही आणि बरेही होत नाही. ज्याचे दुखणे त्याच्याबरोबर पहिलीत बसते, दहावीची परीक्षा देते आणि पुढे कॉलेजातही त्याच्या शेजारच्या बाकावर जागा धरते, अशा मुलाची किंवा मुलीची गोष्ट शोधू लागले की आपले भरलेले कपाट एकाएकी रिकामे वाटू लागते.

फराळाच्या ताटाशेजारी उघडलेल्या अंकात असा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. तर दिवाळीइतकी या मुलांची परीक्षा पाहणारा दुसरा सण नाही, म्हणूनच. आमच्या मालवण किनाऱ्यावर नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी कारीट फोडून झाले, की घरोघर पोह्यांची ताटे निघतात. गूळपोहे, दूधपोहे, आणि मग लाडू-करंज्यांची रांग. घरात मधुमेह असलेली बारा वर्षांची मुलगी असेल, तर शेजारची काकी तिच्या हातावर लाडू ठेवताना हमखास म्हणते, "खा गो, एका लाडवान काय होतला?" काकीच्या मनात माया असते, दुष्टावा तर नसतोच नसतो. पण तिच्या डोळ्यांसमोर आजारी माणसाचे एकच चित्र आहे, ते म्हणजे खाटेवर पडलेल्या माणसाचे. परकर नेसून अंगणात रांगोळी घालणारी मुलगी आजारी असूच कशी शकेल? साहित्य माणसाला पाहायला शिकवते, असे आपण संमेलनांतून मोठ्या आवाजात सांगतो. मग या न पाहण्याचाही थोडा जाब साहित्याला विचारायला हरकत नसावी.

आगरकरांचेच पाहा. एकुलता सदरा रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून कॉलेजात जायचे, ही आगरकरांची हकिकत मराठी माणसाच्या प्रत्येक पिढीने ऐकली आहे. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेला हा दरिद्री ब्राह्मणाचा मुलगा डेक्कन कॉलेजात शिकला, एम. ए. झाला, केसरीचा पहिला संपादक झाला, पुढे सुधारक काढला, १८९२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य झाला आणि १८९५ च्या जूनमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, दम्याने गेला. सदरा सर्वांना ठाऊक असतो. दमा चरित्रकारांना ठाऊक असतो. असे का व्हावे? मला वाटते, सदऱ्याच्या गोष्टीला शेवट आहे. गरिबी संपते, दुसरा सदरा येतो आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात उमेद धरते. दम्याच्या गोष्टीला तसा शेवट नाही. आज धाप लागली, उद्या बरे वाटले, परवा पुन्हा रात्र बसून काढली. यातून कथानक कसे उभे करायचे? डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले आणि तेही मोकळ्या मनाने लिहिले. दम्याच्या रात्रींवर मात्र त्यांनी असे पुस्तक लिहिले नाही. त्या काळी तो विषय लिहिण्याजोगा वाटला नसणार.

त्याच डेक्कन कॉलेजातली दुसरी गोष्ट तर आम्ही मास्तर मंडळी मुलांना फारच आवडीने सांगतो. टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष तालमीत घालवले, परीक्षा मागे टाकली आणि अशक्त शरीर कमावून घेतले. गोष्ट खरी आहे आणि स्फूर्तिदायकही आहे. पण वर्गातल्या तिसऱ्या बाकावर जो दम्याचा मुलगा बसलेला असतो, त्याला ती कशी ऐकू येत असेल? मनावर घेतले की शरीर सुधारते. माझे सुधारत नाही, म्हणजे मीच मनावर घेत नाही, असा सरळ हिशेब तो मनाशी मांडतो. गंमत अशी की त्याच टिळकांना उतारवयात मधुमेहाने गाठले. तेव्हा त्यावर इन्शुलिन नव्हते. मंडालेच्या कैदेत खाण्यापिण्याचे पथ्य सांभाळत, त्या दुखण्याला बरोबर घेऊनच त्यांनी गीतारहस्य लिहून काढले. तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या उपयोगाचे टिळक हे आहेत. आपण मात्र तालीम सांगतो आणि पथ्य गाळतो.

या विषयाचा खरा कस लागतो तो आनंदीबाई जोशी यांच्यापाशी. दुखणे अंगावर घेऊन ज्यांनी कॉलेज पुरे केले, अशा मराठी विद्यार्थ्यांत त्यांच्याइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. आणि त्यांच्यावर लिहिलेले वाङ्मयही पुष्कळ आहे, म्हणजे टीकाकाराला तोलून पाहायला माल आहे. १८६५ साली कल्याणला जन्म; नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न; चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला, आणि त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय. इथवर सर्वांना माहीत असते. आपण विसरतो ते असे, की १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीवर चढल्या त्या धडधाकट नव्हत्या. कलकत्त्यातच डोकेदुखी, ताप, अशक्तपणा आणि मधूनमधून धाप यांनी त्यांचा पिच्छा घेतला होता. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाई तिकडून टपालाने औषधे पाठवीत, पण त्यांचा गुण येत नव्हता. म्हणजे ही मुलगी कॉलेजात गेली तीच मुळी दुखणे घेऊन. अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिचे नाव दाखल झाले आणि ११ मार्च १८८६ रोजी ती पदवी घेऊन बाहेर पडली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. मधल्या काळात हाडे गोठवणारे हिवाळे, शाकाहाराचा हट्ट, थंडीत न पुरणारे लुगडे, खोकला, ताप, आणि या सर्वांमधून शरीरशास्त्राचा अभ्यास. पदवीसाठी लिहिलेला प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली, पण तिथे रुजू होणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पुरी व्हायला एक महिना उरला होता.

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली आणि घरोघर वाचली गेली. तिच्यावरून नाटक झाले, २०१९ मध्ये याच नावाचा चित्रपटही निघाला. कादंबरी म्हणून ती मोठ्या ताकदीची आहे, याबद्दल वाद नाही. गोपाळरावांसारखा विक्षिप्त, हट्टी, प्रेमळ आणि क्रूर माणूस मराठी कादंबरीत क्वचितच इतका सजीव उतरला असेल. पण त्या कादंबरीचा सारा जीव त्या दोघांच्या संसारात आहे, आणि तो तसा असल्याचे नावच सांगते. दुखणे तिथे पडद्यामागून पुढे सरकणाऱ्या सावलीसारखे येते. वाचक डोळे पुसत पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्या मनावर एक समीकरण ठसलेले असते : ती गेली, शिकली आणि त्याची किंमत तिने प्राणाने दिली. शिक्षण आणि मृत्यू यांची अशी गाठ बसली, की मधली वर्षे कशी निभावली हा प्रश्नच उरत नाही. आणि खरा पराक्रम तर त्या मधल्या वर्षांत आहे. ताप असताना व्याख्यानाला जायचे की नाही. आज विश्रांती घेतली तर उद्या किती पाने मागे पडतील. खाणे कुठले मानवते, कपडे कुठले पुरतात. हातातले पैसे किती दिवस जातील. पतीला पत्रात किती सांगायचे आणि किती झाकायचे. हा हिशेब एकदाच मांडून भागत नाही, तो रोज सकाळी नव्याने मांडावा लागतो. कादंबरीला त्यात रस नाही.

काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्यांचे चरित्र लिहिले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले ते चरित्र आहे आणि त्याचा मोठा आधार पत्रांचा आहे. कलेच्या दृष्टीने कादंबरी सरस, हे मान्य. पण अंगात कणकण घेऊन वसतिगृहात राहणाऱ्या आजच्या मुलीने यांतले कुठले पुस्तक उशाशी ठेवावे, असे कोणी विचारले, तर मी काशीबाईंचे नाव घेईन. पत्रे लिहिणाऱ्या बाईला आपला शेवट ठाऊक नसतो. तिला पुढचा आठवडा दिसत असतो, पुढची परीक्षा दिसत असते. कादंबरीकाराला शेवट ठाऊक असतो आणि तो प्रत्येक पानावर पडलेला असतो. दुखणाईत विद्यार्थ्याच्या बाबतीत हा फरक साधा नव्हे. आपल्याकडे शेवट सांगून ठेवलेल्या माणसासारखे कोणी पाहू नये, एवढेच तर त्याला हवे असते.

इथे थोडे वैद्यकाकडे वळले पाहिजे. त्यावाचून पुढचे कळणार नाही. क्षयाचे जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केले ते मार्च १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई बोटीवर चढण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. पण जंतू सापडणे निराळे आणि औषध सापडणे निराळे. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती लागले. टोरांटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिनची पहिली सुई टोचली गेली ती जानेवारी १९२२ मध्ये. त्याआधी मधुमेह झालेले मूल उपाशी ठेवून जेमतेम वर्ष-दोन वर्षे जगवीत. दम्यासाठी खिशात मावणारा, मोजून मात्रा देणारा फवारा १९५६ साली आला. या तीन तारखांनी एक चमत्कार केला. जी दुखणी विद्यार्थ्याचे शिक्षण एका घावात संपवीत, ती आता त्याच्यासोबत शाळेत जाऊ लागली. क्षय तर बराही होऊ लागला. मधुमेह आणि दमा बरे झाले नाहीत, पण ते सांभाळता येऊ लागले. 'दुखणाईत विद्यार्थी' ही जात मोठ्या संख्येने निर्माण झाली ती या शंभर वर्षांत. गोष्ट बदलली. गोष्ट लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक मात्र अजून जुन्याच शेवटाकडे डोळे लावून बसलेले आहेत. औषधाने मरण टाळले तरी ते कथेत आणतातच, कारण त्यावाचून प्रकरण कुठे संपवावे हे त्यांना कळत नाही.

आता आमच्या किनाऱ्यावरचे उदाहरण. वि. स. खांडेकर हे नाव घेतले की कोल्हापूर आठवते, 'ययाती' आठवते, १९७४ चे ज्ञानपीठ आठवते. पण त्यांची ऐन उमेदीची अठरा वर्षे, १९२० ते १९३८, वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करण्यात गेली. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले हे गाव मिठागरांचे, सुरूच्या बनांचे. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला. सांगलीचा गणेश आत्माराम खांडेकर १९१३ साली उत्तम गुणांनी मॅट्रिक झाला, फर्ग्युसनमध्ये गेला आणि १९१६ मध्ये सावंतवाडी संस्थानातल्या नानेलीच्या घराण्यात दत्तक जाऊन विष्णू सखाराम झाला. पुढे घरची ओढाताण आणि कोकणातल्या हिवतापाने खिळखिळी केलेली प्रकृती यांत कॉलेज सुटले ते सुटलेच. पदवी हाती आली नाही. त्यानंतर प्रकृतीची तक्रार जन्मभर राहिली आणि म्हातारपणी तर डोळेही गेले. म्हणजे दुखण्यापायी विद्यार्थिदशा अर्धी राहिलेला तरुण या किनाऱ्यावर येतो, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतो आणि शिकवता शिकवता मराठीतला सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार होतो. हा विषय लिहायला याहून अधिक अधिकारी माणूस कोण असणार होता?

खांडेकरांनी तो लिहिला का? शिरोड्याच्या काळात 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या आल्या, दोन्ही १९३४ च्या. ध्येय, त्याग, दारिद्र्य, अन्याय यांनी त्या काठोकाठ भरलेल्या आहेत. त्यांच्या काळी त्यांनी हजारो तरुणांना हलवले. ते ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यांतल्या माणसांना शरीर फारसे नाही. त्यांना मने आहेत, मनात वादळे आहेत, वादळांना उपमा आहेत. अशक्त शरीर घेऊन सकाळची शाळा गाठणारा माणूस मात्र मला तिथे भेटला नाही, आणि तो लिहिणाऱ्याच्या इतका जवळ होता की आरशात पाहिले असते तरी दिसला असता. दुःख खांडेकरांच्या कादंबरीत शिरते ते बहुधा त्यागाचा झगा पांघरून. हिवतापाला असला झगा शोभत नाही. तो ठरल्या दिवशी थंडी घेऊन येतो, दात वाजवतो, घाम आणून जातो आणि पुन्हा येतो. त्यात त्याग कसला? मला वाटते, आपल्या दुखण्याबद्दल बोलणे त्यांना हलके वाटत असावे. त्या पिढीतल्या सभ्य माणसाला ते तसे वाटेच.

म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये, प्रसिद्ध झालेले 'एका पानाची कहाणी' हे आत्मचरित्र मला त्यांच्या कित्येक कादंबऱ्यांहून जवळचे वाटते. इथे वाक्ये पुष्कळशी साधी झाली आहेत. उपमांची गर्दी ओसरली आहे. दत्तक गेलेला, पैशाने आणि प्रकृतीने गांजलेला, पुस्तकांसाठी आसुसलेला एक मुलगा इथे दिसतो, आणि तो दिसतो तेव्हा लेखक त्याला नायक करण्याची घाई करीत नाही. रसिकांनी खांडेकर पुन्हा वाचायचे ठरवले, तर 'ययाती'पासून सुरुवात करतात. मी म्हणेन, या पुस्तकापासून करावी.

'ययाती'चा उल्लेख आलाच आहे, तर एक विचार मांडून पुढे जातो. बापाचे म्हातारपण अंगावर घेणारा पुरू हा आपल्या परंपरेतला पहिला दुखणाईत तरुण. महाभारत सांगते, की ययातीने हजार वर्षे भोग घेतला. त्या हजार वर्षांत पुरूने काय केले? कवळ्या वयात थरथरते हात आणि अधू डोळे घेऊन त्याने कसे दिवस काढले, त्याच्या वयाच्या मुलांनी त्याला खेळात घेतले की नाही, याबद्दल व्यास गप्प आहेत. खांडेकरांनी १९५९ मध्ये ही कथा नव्याने घेतली, तेव्हाही त्यांचे लक्ष भोगणाऱ्या बापावर राहिले. सोसणाऱ्या मुलाची कादंबरी अजून लिहायची राहिली आहे.

या जिल्ह्याने मराठीला आणखी दोन मोठे कथाकार दिले. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'रात्र काळी, घागर काळी' (१९६२) किंवा 'कोंडुरा' (१९६६) यांच्या जगात दुखण्याला डॉक्टर नसतो. तिथे शाप असतो, प्राक्तन असते, माडांमागे उभे असलेले काहीतरी असते. कोकणात अजून देवाला कौल लावून दुखण्याचे कारण विचारतात, त्यामुळे खानोलकर खोटे आहेत असे कोणी म्हणू नये. पण प्राक्तनाला वेळापत्रक नसते, आणि शाळेत जाणाऱ्या पोराला ते लागते. दुसरे जयवंत दळवी, शिरोड्याला लागून असलेल्या आरवलीचे. १९६४ च्या 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये गावच्या माणसांच्या लकबी, खोडी, लबाड्या त्यांनी ज्या नजरेने टिपल्या, ती नजर या विषयाला अगदी हवी तशी होती. हसता हसता बारीकसारीक पाहणारी, आणि उगाच डोळ्यांत पाणी न आणणारी. त्यांनी या वाटेने पाऊल टाकले नाही, याची हळहळ वाटते.

अपवाद दोन सांगतो. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' (१९८१) मधला पोर जॉर्ज इतका अशक्त असतो, की शेतातले जड काम त्याला झेपत नाही; म्हणून त्याच्या वाट्याला घरातले काम येते. स्वयंपाक, शिवणटिपण, आणि उरलेल्या वेळात रानातली झाडे. दुखण्याने एक दार लावले तेव्हा मुलाच्या हाताला दुसरे कुठले काम लागले, हे तिथे आक्रस्ताळेपणा न करता सांगितले आहे. हे पुस्तक मुलांना आवडते त्याचे कारण मी पुष्कळदा यातच शोधले आहे. दुसरे नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची'. कोल्हापूरच्या या मुलीचे कमरेखालचे शरीर सोळा-सतराव्या वर्षी लुळे पडले. पुढे त्यांनी अपंगांसाठी मोठे काम उभे केले, आणि आमच्या कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावीही काजूच्या प्रक्रियेचा उद्योग अपंगांच्या हातांनी चालवून दाखवला. पुस्तकाची भाषा साधी आहे, कुठे कुठे तर सपाट आहे. पण उंबरा किती उंच, पायऱ्या किती, नैसर्गिक विधीची सोय कुठे, उचलणार कोण, या गोष्टी तिथे लाजेने गाळलेल्या नाहीत. ललित लेखकांनी गाळले ते एका कार्यकर्तीने लिहिले.

कादंबरीकार गप्प बसले तेव्हा बोलायला सरकारी कागद पुढे आले, हा एक चमत्कारिक प्रकार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. हिमोफिलिया, थॅलसेमिया आणि विदर्भात पुष्कळ आढळणारा सिकलसेल हे रक्ताचे विकार त्यांत आले. दमा आणि मधुमेह त्या यादीत नाहीत. केंद्रीय बोर्डाने २०१७ मध्ये मधुमेही मुलांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी असे जवळ बाळगू दिले. रुक्ष भाषेतला तो आदेश वाचताना मला राहून राहून वाटले, की कुणीतरी या मुलाच्या खिशात डोकावून पाहिले आहे. आपल्या कथाकारांनी ते केलेले नाही. बोर्ड वेगळे, गाव वेगळे, पर्यवेक्षक नवा, असे झाले की आदेश कागदावर राहतो. एका केंद्रावर पर्यवेक्षकाने एका मुलीच्या पुढ्यातला बिस्किटांचा पुडा कॉपीच्या संशयाने काढून घेतलेला मी पाहिला आहे. पुडा टेबलावर होता, मुलीचे हात कापत होते, आणि ती कापते आहे म्हणून त्याचा संशय वाढत होता. तो गृहस्थ वाईट नव्हता. त्याने असली मुलगी कुठे वाचलेलीच नव्हती. कॉलेजात हाच पेच पंचाहत्तर टक्के हजेरीच्या रूपाने उभा राहतो. बांबोळीच्या रुग्णालयात जाऊन यायचे म्हणजे मालवणच्या मुलाचा एक दिवस गेला. महिन्यातून असे किती दिवस गेले तर चालतील, याचे गणित तो विषयाच्या गणितापेक्षा अधिक काळजीने करतो.

या विषयावर मराठीत वाचलेले सर्वांत चांगले लेखन कुठले, असे मला विचाराल, तर ते छापलेले नाही. किनाऱ्यावरच्या एका शाळेत मराठी शिकवीत असताना नववीच्या वर्गाला 'माझा दिनक्रम' हा निबंध घातला होता. हा विषय मुलांना नकोसा होतो. पहाटे उठतो, देवाला नमस्कार करतो, व्यायाम करतो, असली शुद्ध थाप प्रत्येक वहीत असते. एका मुलीने थाप मारली नाही. तिला मधुमेह होता. तिचा निबंध एस. टी.च्या वेळापत्रकासारखा होता. साडेसहाला बोटाला टोचून रक्त पाहायचे आणि वहीत आकडा लिहायचा. इन्शुलिन माठाशेजारच्या मडक्यात, कारण पावसाळ्यात वीज जाते आणि शीतपेटीचा भरवसा नाही. सुई घेतली की अर्ध्या तासात खायचे, पण पेज गरम असली तर निवेपर्यंत गाडी चुकते, म्हणून आई पेज आधी काढून ठेवते. गाडी बंद पडली तर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात गूळ आहे. तिसऱ्या तासाला हात थरथरू लागले तर विचारायचे नाही, गूळ खायचा. शिकवणाऱ्यांना आधी सांगून ठेवले आहे, एक सोडून, कारण ते सर्वांसमोर विचारतात. कबड्डी खेळते, पण डाव दोनच. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक हातात धरून उभी राहते, म्हणजे कोणी आग्रह करीत नाही.

वाङ्मयाच्या कसोटीवर हा निबंध कसा आहे? शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत. अलंकार एकही नाही. परिच्छेद पाडलेले नाहीत. पण त्यात एक वाक्यही अनावश्यक नाही, आणि स्वतःची कीव करणारे तर मुळीच नाही. 'एक सोडून' या दोन शब्दांत जेवढी शाळा मावली आहे, तेवढी कित्येक शालेय कथांत मावत नाही. केक हातात धरण्याची युक्ती कुठल्या कादंबरीकाराला सुचली असती तर आपण त्याच्या निरीक्षणशक्तीवर लेख लिहिले असते. निबंधाला शेवटही तिने दिलेला नव्हता. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा टोचून पाहते, आकडा लिहिते, आणि त्याच ओळीत पुढे लिहिले होते, की उद्या गणिताची चाचणी आहे आणि भूमितीची पेटी सापडत नाही.